भिंतीतून येणारी बाई

"पुढच्या दाराकडे जायचं नाही. बाजूनं, मागच्या अंगणातनं. कळलं ना?" गाडी वळवता वळवता वहिनी म्हणाल्या.

"कळलं."

"आणि अशी घाबरून नको राहू. म्हातारी बाई आहे, खाणार नाही तुला."

वहिनी म्हणजे मेडनहेडच्या डॉक्टरीणबाई, मूळच्या नागपूरच्या. त्यांचं माझं नातं काही नाही. मी इंग्लंडला आले ती एका पुण्याच्या कुटुंबाबरोबर, रीडिंगला, त्यांची मुलं सांभाळायला. दोन हजार पाचच्या सुमाराला साहेबांना कंपनीनं परत पुण्याला बोलावलं आणि त्यांनी सगळं गुंडाळलं. मला म्हणाले, चल. पण चल म्हणजे कुठे? भावाच्या घरी, भावजयीच्या हाताखाली, तिच्या डब्यातली साखर विचारून घ्यायची. सातवीत शाळा सुटलेली, नवऱ्यानं टाकलेली बाई दुसरीकडे जाणार कुठे? मी आयुष्यात पहिल्यांदा नको म्हणाले. वहिनींशी ओळख रीडिंगच्या गणपतीत मोदक वळताना झालेली, तेवढ्या ओळखीवर त्यांनी मला आपल्या घरी ठेवून घेतलं. एवढं कोण करतं? 

त्यांच्या हॉस्पिटलात खुब्याचं हाड मोडून आलेल्या एका इंग्रज बाईंना घरात राहून काम करणारं माणूस हवं होतं. माझा व्हिसा घरकामाचा. तो वाढवायचा तर कुठल्यातरी घरानं लिहून द्यायला हवं होतं की ही बाई आमच्याकडे आहे आणि राहणार आहे, आणि ते कागद क्रॉयडनला, व्हिसाच्या कचेरीत, जायला हवे होते. मुदत जवळ आलेली. बाईंचा मुलगा लंडनला असायचा. तो वहिनींना म्हणाला, "महिनाभर बघतो, पटलं तर सही करतो." माझं इथं राहणं त्या महिन्यावर टांगलेलं होतं.

गाडी झाडांच्या रांगेतून बाहेर आली आणि समोर ते घर दिसलं.  पिवळट दगडाचं, लांबलचक, मधोमध खांब आणि वर त्रिकोण, देवळासारखा. डावीकडे जेवढ्या खिडक्या तेवढ्याच उजवीकडे. डावीकडे धुराडं, उजवीकडेही धुराडं. घडी घातलेल्या कागदाला कात्री लावून उलगडावा तसं. वहिनी म्हणाल्या, "काय सुंदर आहे ना गं!" मी हो म्हटलं. मनात मात्र आलं, एवढं सारखं असतं का कुठे काही? माणसाचे दोन डोळेसुद्धा सारखे नसतात.

मागच्या बाजूनं गेलो तर वेगळंच घर. विटांचं, काळ्या लाकडांचं, कुठे उतरतं छप्पर, कुठे बुटकी खिडकी. पुढचं घर जसं काही ह्या घराला लावलेला मुखवटा. मागच्या दाराशी मी सवयीनं चपला काढल्या, पिशवी उचलली आणि मोज्यांवर आत गेले. वहिनी बूट न काढताच आत आल्या. हॉस्पिटलात राहून राहून त्यांची सवय मोडलेली.

मॅडम खुर्चीत ताठ बसल्या होत्या. काठी हातात, काठीला खाली रबर. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. पायांवर जरा जास्तच वेळ नजर थांबली, पण तेव्हा मला वाटलं, मोज्याला भोक आहे ते दिसलं असणार.

माझं इंग्रजी तेव्हा मुलांच्या कार्टूनवर शिकलेलं, आणि मॅडमचं इंग्रजी तोंडातल्या तोंडात. तरी त्या काय म्हणाल्या ते मला नीट आठवतं, म्हणून आपल्या भाषेत लिहिते.

"घर मोठं आहे," त्या म्हणाल्या. "हरवशील सुरुवातीला."

हरवले नाही. पण माझा घरावरचा विश्वास उडाला.

दिवाणखान्यातले संगमरवरी खांब मी पुसायला घेतले तर हाताला गार लागेनात. टिचकी मारली तर पोकळ आवाज. लाकडाचे खांब, वरून रंगानं संगमरवराच्या रेषा काढलेल्या. पुस्तकांच्या खोलीत एका कपाटातलं पुस्तक धूळ झटकायला ओढलं, तर निघेना. सगळा कप्पाच खोटा. पुस्तकांच्या पाठी चिकटवलेलं दार होतं ते, आणि मागं कोळशाचा जुना कोनाडा. जेवणाच्या खोलीत छतावर फुलं कोरलेली दिसायची, शिडीवर चढून बघितलं तर निम्मी नुसती रंगवलेली, सावलीसकट. बाहेर हिरवळ सरळ शेतापर्यंत गेलेली, मधे कुंपण म्हणून नाही, आणि तरी गाई अलीकडे येत नव्हत्या. मला वाटलं, ह्यांच्या गाईसुद्धा शिस्तीच्या. एकदा चादरी वाळत घालायला जागा शोधत पुढे गेले आणि पाऊल टाकणार तेवढ्यात खाली खोल चर! अलीकडून भिंतीसारखा उभा कापलेला, पलीकडून उतरता. घराच्या खिडकीतून बघितलं तर दिसतच नाही.

बागेत काम करणारा माणूस आठवड्यातून दोनदा यायचा, लाल गालांचा, दिवसभर स्वतःशी शीळ घालणारा. तो माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "त्याला हा-हा म्हणतात."

"हसताय कशाला? पडले असते ना मी!"

"नावच आहे त्याचं. पडलं की दुसरा माणूस हसतो."

ह्यानंच मग खिडकीचा घोटाळा करून ठेवला. मॅडमनी सांगितलं होतं, पुढच्या बाजूच्या वरच्या खिडक्या आतून पुसून घे. मी पुसल्या. खाली येऊन काचा चमकतात का ते बघायला हिरवळीवर गेले, तर एक खिडकी तशीच काळी. पुन्हा वर गेले, एकेका खोलीत शिरून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ती खिडकी सापडेना. तिच्या अलीकडची खोली होती, पलीकडची होती, मधे नुसती भिंत. बाहेर खिडकी, आत खोलीच नाही.

"ती वरची खिडकी कुठल्या खोलीची?" मी माळ्याला विचारलं.

त्यानं टोपी मागे सारली, वर बघितलं, गंभीर तोंड केलं. "त्या खोलीत आजवर कुणी गेलेलं नाही," म्हणाला, आणि शीळ घालत निघून गेला.

आता वाटतं, त्या माणसानं मला केवढं फसवलं. पण त्या दिवशी मला ते खरंच वाटलं. बंद करून टाकलेली खोली. दार भिंतीनं बुजवलेलं. कशासाठी? आमच्या गावाकडे अशा खोल्यांच्या गोष्टी असतात, आणि त्यातली एकही चांगली नसते.

ह्यात भर पडली ती मॅडमची. मी जेवणाच्या खोलीत चांदीचे चमचे पुसत असायची, खोलीत कुणी नसायचं, दार समोर दिसत असायचं, बंद. आणि पाठीमागून आवाज यायचा, "तो मोठा डाव राहिला." मी दचकून वळायची तर मॅडम मागे उभ्या. काठी टेकून. आल्या कुठून? दार तर उघडलंच नव्हतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कधी दिवाणखान्यात, कधी जिन्याच्या वळणावर. जाताना तसंच. मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागून खोलीत शिरायची आणि खोली रिकामी.

माझी खात्री झाली की ही बाई माझ्यावर पाळत ठेवून आहे. का ठेवणार नाही? परकी बाई, परदेशची, सगळीकडे चांदी. मग मीच जपून वागायला लागले. चांदीचं कपाट उघडलं की दोन्ही दारं सताड उघडी ठेवायची. एप्रनचा खिसा उलटा करून बाहेर लोंबता ठेवायचा. खोलीतून निघताना मोठ्यानं "झालं, मी जाते" म्हणायचं, इंग्रजीत, खोलीत कुणी असो नसो. त्या रिकाम्या खोल्यांना मी किती वेळा सांगितलं असेल की मी जाते.

तरी कमी होईना. एका सकाळी फराळाच्या कोठीच्या दाराला छोटी पितळी घंटा बांधलेली. पुढच्या दिवशी वरच्या बोळात दाराला खुर्ची टेकवून ठेवलेली, दार उघडलं की जमिनीवर कर्र वाजेल अशी. मांजराच्या गळ्यात बांधतात तशी घंटा माझ्यासाठी! मी ती हळूच हातात धरून दार उघडायला शिकले, वाजू नये म्हणून. कशाला वाजू द्यायची? मी चोर नव्हते. खुर्चीही उचलून बाजूला ठेवायची आणि जाताना परत होती तशी.

वहिनींना फोन केला. कॉर्डलेस फोन घेऊन मी मागच्या अंगणात उभी.

"वहिनी, दुसरीकडे कुठे होईल का हो? ही बाई लक्ष ठेवून असते माझ्यावर."

"चोरी केली का तू?"

"नाही हो!"

"मग? बघू दे ना. फुकटचा तमाशा आहे तिला."

"भिंतीतून येते ती वहिनी. खरंच. दार न उघडता."

 मग वहिनींचा डॉक्टरचा आवाज. "झोप लागून राहिली ना नीट तुला? जेवतेस का?"

"मला काही झालेलं नाही."

"मग असं त्यांच्या मुलासमोर नको बोलू. महिना संपू दे. एकदा कागद क्रॉयडनला गेले की मग ती छतातून येऊ दे नाहीतर."

मुलगा रविवारी आला. पन्नाशीचा, उंच, सतत घड्याळाकडे बघणारा. आईबरोबर जेवला, मग मला पुस्तकांच्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं. आवाज सभ्य होता, इतका सभ्य की मी सावध झाले.

"तुझ्याकडे कुणी येतं का इथे? मैत्रीण, नातेवाईक?"

"कुणीच नाही."

"आई म्हणते घरात कुणीतरी फिरतं. दारं उघडतात आणि आवाज येत नाही. ठेवलेली वस्तू जागची हललेली असते, माणूस दिसत नाही." त्यानं घड्याळ बघितलं. "हे बघ, दोनच गोष्टी असू शकतात. एक तर कुणीतरी खरंच फिरतंय. नाहीतर आईचं डोकं ठिकाणावर नाही, आणि मग तिला इथे ठेवण्यात अर्थ नाही, घरही नको आणि तूही नको. पुढच्या रविवारपर्यंत मला ठरवायचंय."

मला गप्प बसायला हवं होतं. वहिनींनी बजावलं होतं. पण माझ्या मनात ती काळी खिडकी होती, आणि कुणीतरी फिरतंय म्हटल्यावर माझ्या तोंडून गेलंच.

"त्या बंद खोलीत कुणी असेल का, सर?"

"कुठल्या बंद खोलीत?"

"वरच्या. जिच्यात कुणी जात नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बरं." त्या एका शब्दात मी माझी बॅग भरलेली बघितली. आता एका घरात दोन वेड्या बाया आहेत असं त्याला वाटत होतं.

मी तो आठवडा कसा काढला मलाच माहीत. देवाचा फोटो उशाशी होता, त्याच्याकडेसुद्धा संशयानं बघायला लागले की तू नक्की कुणाच्या बाजूचा. मॅडम माझ्याशी कमी बोलत होत्या, आणि बोलल्या की, "मघाशी कुठे होतीस?" मी म्हणायची, "वर." "मला तर वाटलं, खाली आहेस." असं त्या म्हणायच्या आणि कान दिल्यासारखी मान तिरकी करून बसायच्या.

बुधवारी का गुरुवारी, दुपारी, जेवणाच्या खोलीत बाहेरून ऊन आडवं आलं होतं. भिंतीवर जुना हिरवा वॉलपेपर, त्यावर फांद्या आणि लांब शेपटीचे पक्षी. मी कमरेएवढ्या उंचीवरची लाकडी पट्टी पुसत होते. आडव्या उन्हात मला एका पक्ष्याची मान कापलेली दिसली. सरळ, धाग्याएवढी बारीक रेघ. रेघ वर गेली होती, खाली आली होती, लाकडी पट्टीसुद्धा तिथंच चिरलेली. मी हात ठेवला आणि जरा दाबलं. पक्षी, फांदी, पट्टी, सगळं मिळून आत गेलं.

दार होतं! ना कडी, ना मूठ. बंद केलं की भिंत.

एखादी शहाणी बाई तिथून मागे फिरली असती. पण मला दहा-बारा दिवस भिंतीनं छळलं होतं. मी आत शिरले.

आत अरुंद बोळ, खांदे घासतील एवढा. एका बाजूला पुढच्या घराची नवी वीट, दुसऱ्या बाजूला जुनं लाकूड, कुऱ्हाडीचे घाव दिसणारं, आणि मधे मधे पांढरा गिलावा. आणखी पुढे त्या जुन्या भिंतीत दगडी चौकटीची एक खिडकी, बारक्या तुकड्यांच्या काचांची, आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर वीट. म्हणजे ही कधीकाळी बाहेरची भिंत होती. ह्या खिडकीतून कुणीतरी शेत बघत असणार. मग कुणाला तरी पैसा आला, हौस आली, त्यानं जुनं घर पाडलं नाही, त्याच्यापुढे नवं उभं केलं आणि मधली फट नोकरांना दिली. हे सगळं मला तिथं उभं राहून कळलं असं नाही. मला तेव्हा एवढंच कळलं की माणूस ह्यातून जाऊ शकतो. म्हणजे भिंतीतून येणारं माणूस साधंच होतं. माझा राग एकदम वर आला, भीतीच्या जागी.

मी वळणावर आले आणि पलीकडून कुणीतरी वळलं.

आम्ही दोघी एकदमच किंचाळलो. त्यांची काठी पडली, माझ्या हातातलं फडकं पडलं. मॅडम होत्या. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात स्वतःचे बूट, पट्ट्याला धरून उचललेले. पायात नुसते मोजे.

"सापडलीस!" त्या म्हणाल्या. 

"तुम्ही सापडलात!" मीही म्हणाले. इंग्रजीत ते कसं म्हटलं देव जाणे.

"माझ्या घरात मी कशी सापडेन?"

"मग बूट हातात का?"

त्यांनी बुटांकडे बघितलं, जसं काही ते दुसऱ्या कुणाचे होते. "कारण तुला ऐकू जाऊ नये म्हणून. इतके दिवस तू माझ्या घरात चोरपावलांनी फिरतेस. घंटा बांधली, ती वाजली नाही. खुर्ची ठेवली, ती हलली नाही. पण कोठीतलं पीठ कमी होत होतं, बिछाने घातलेले होते! मी आज ठरवलं की आपणही आवाज करायचा नाही, आणि बघायचं." मग त्यांची नजर खाली गेली. माझ्या पायातही मोजेच. "हे. हे का? तू आल्या दिवसापासून अशीच. माझ्यापासून लपायला?"

"घरात कोण चपला घालतं?" मी म्हणाले. "आमच्याकडे बाहेर काढतात. दाराशी. स्वयंपाकघरात तर..." पुढे शब्द सापडेना. मी हात जोडून दाखवले, मग जेवणाचा घास दाखवला, मग पुन्हा हात जोडले.

मॅडम माझ्या हातांकडे बघत होत्या.

"सगळे?"

"सगळे. डॉक्टरसुद्धा. मंत्रीसुद्धा."

"मंत्रीसुद्धा," त्या म्हणाल्या. आणि त्यांचा पाय लटपटला. खुब्याचं हाड, अरुंद जागा. मी धरलं त्यांना. जवळच बोळातून वर जाणारा अंधारा लाकडी जिना होता, त्याच्या पायरीवर बसवलं आणि शेजारी, खालच्या पायरीवर, मी बसले. बूट त्यांच्या मांडीवर.

मग त्या बोलल्या. त्यांची खोली आता खाली होती आणि तिथून जेवणाच्या खोलीपर्यंत सरळ जायचं तर मधे पायऱ्या चढा, पायऱ्या उतरा, कारण जुन्या घराची जमीन एका उंचीवर आणि नव्याची दुसऱ्या. बोळ मात्र सपाट. ऑपरेशननंतर त्या बोळातूनच जायच्या. पाळतबिळत काही नाही, निदान सुरुवातीला नाही. आणि त्यांच्या लहानपणी घरात कामाची माणसं होती, ती ह्याच बोळांतून जायची, कुणाला दिसू नयेत म्हणूनच तर बांधलेले. हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ठोकलेलं दार होतं मधे, स्वयंपाकघराचा आवाज अडवायला.

"पण तेव्हा घर कधी अनोळखी वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "माणसं दिसायची नाहीत, पण ऐकू यायची. ही पावलं स्वयंपाकीणबाईची, ही कोळसा आणणाऱ्याची. अंथरुणात पडून कळायचं कोण कुठे आहे. तू दिसतेस, पण मला ऐकू येत नाहीस. मला वाटलं, मुलगा म्हणतो तसं माझंच..." त्यांनी कपाळाला बोट लावलं आणि वाक्य सोडून दिलं.

मीही मग माझं सांगितलं. आवाज न करता मागे उभं राहणं, नाहीसं होणं. आणि ती खोली.

"कुठली खोली?"

"काळी खिडकी असलेली. माळीबुवा म्हणाले तिथं कुणी गेलेलं नाही."

मॅडम हसायला लागल्या. आवाज नसलेलं हसू, नुसते खांदे हलत होते. "कसं जाणार? तिथं धुराडं आहे. खालून वरपर्यंत. डावीकडे खिडकी आहे म्हणून उजवीकडे हवी, म्हणून भिंतीवर काढली. काळा रंग, त्यावर पांढऱ्या पट्ट्या."

"नुसती काढलेली?"

"नुसती काढलेली."

"मग मला पुसायला का सांगितली?"

"मी आतून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खांदे हलायला लागले.

मला हसू येत नव्हतं. रविवार समोर होता. मी विचारलंच, सरांना काय सांगणार? मॅडमचा चेहरा परत कठोर झाला. "त्याआधी तू मला ऐकू यायला हवीस. बूट घाल. टाचेचे. लाकडी जमिनीवर वाजतील असे."

घरात बूट. मी जमिनीकडे बघत राहिले. माझी आई बघती तर काय म्हणती?

"स्वयंपाकघरात नाही," मी म्हणाले.

"स्वयंपाकघरात तू भांडी आपटतेसच. तिथं कळतं मला."

"बरं." आणि मग, मला आजही कळत नाही कुठून धीर आला, ज्या बाईच्या एका शब्दावर मी इथं राहणार की जाणार हे ठरायचं तिलाच मी म्हणाले, "मग तुम्हीही. भिंतीतून यायच्या आधी आतून वाजवायचं. टकटक."

"माझ्याच घरात?"

"मी घाबरते, मॅडम."

त्यांनी मांडीवरचे बूट उचलले. मला वाटलं, गेलं, सगळं मीच घालवलं. त्यांनी बूट माझ्या हातात दिले आणि पाय पुढे केला. मी पट्टे लावले.

वहिनींनी मेडनहेडच्या चॅरिटी शॉपमधून काळे टाचेचे बूट आणून दिले. "एवढ्यासाठी फोन करून राहिली होतीस?" त्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी मी चालले तर घर दणाणलं. दिवाणखान्यातून जिन्यात, जिन्यातून वरच्या बोळात, ठक ठक ठक, जसं घोडं घरात शिरलंय. मला लाज वाटत होती, पाप लागल्यासारखी. पण खालून मॅडमचा आवाज आला, "आता निळ्या खोलीत आहेस!" मी वरून ओरडले, "हो!"

संशय संपला असं मी म्हणणार नाही. दारं उघडताना मी अजून भिंतीकडेच बघत होते, आणि त्या चमचे पुसून झाल्यावर कपाटात डोकावत होत्याच. उलट मला वेगळीच शंका यायला लागली. ह्यांनी मला विश्वासानं ठेवून घेतलं, की मी कुठे आहे हे आता ऐकू येतं म्हणून? शेवटी आली ती घंटाच माझ्या पायात. हे मी वहिनींना बोलले तर म्हणाल्या, "तुला काय फरक पडतो?" पडत होता. पण रविवारपर्यंत मी तो बाजूला ठेवला.

रविवारी मुलगा आला. जेवणाच्या खोलीत मी वाढत होते, मॅडमची खुर्ची रिकामी. तो टेबलावर बोटं वाजवत होता. "आई कुठे? आणि तू ते खोलीचं काय म्हणत होतीस..."

हिरव्या भिंतीतून टकटक झाली.

तो थांबला. पुन्हा टकटक, बेताची, काठीच्या मुठीची. मला उत्तर द्यायला हवं होतं, आणि उत्तर एकच देता येत होतं. मी म्हणाले, "कम इन, मॅडम."

मान कापलेला पक्षी आत गेला आणि मॅडम बाहेर आल्या. मोत्यांची माळ, चांगले बूट, काठी. मुलाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "थँक यू." आणि खुर्चीत बसल्या.

"तू ठोठावलंस?" मुलगा म्हणाला. "तू माझ्या खोलीत यायच्या आधी आयुष्यात कधी ठोठावलं नाहीस."

"तू कधी सांगितलं नाहीस," मॅडम म्हणाल्या. "फिरणारं माणूस सापडलं. ही आहे. अनवाणी फिरत होती. त्यांच्याकडे मंत्रीसुद्धा फिरतात."

त्यानं माझ्या पायांकडे बघितलं, बुटांकडे, मग आईकडे. मग त्यानं विचारलं, जरा खालच्या आवाजात, मी ऐकू नये अशा रीतीनं, पण खोली मोठी असली तरी तेवढी मोठी नव्हती, "तुझा विश्वास आहे हिच्यावर?"

मॅडमनी रुमाल मांडीवर पसरला. "ते बघू पुढे. पण ही कुठे आहे ते मला माहीत असतं."

मी बटाट्यांचं भांडं हातात धरून उभी. वाईट वाटून घ्यावं की नाही, हे ठरवायला वेळच मिळाला नाही. त्यानं कोटाच्या खिशातून माझे व्हिसाचे कागद आणि पेन काढलं होतं.

"कुठे पाठवायचंय हे?" तो म्हणाला.

"क्रॉयडन," मी म्हणाले, आणि त्याला आधी बटाटे वाढले.